टेक्सासमधली २०१२ सालची केस, कोर्टाचे सर्टिफाइड कागद कुठून आणि कसे मागवायचे?

निशाचर७

नमस्कार मंडळी. विषय जरा लाजिरवाणा आहे म्हणून नवीन आयडी काढून लिहितोय, समजून घ्या.

२०१२ साली टेक्सासमध्ये मास्टर्स करत असताना एका दुकानात सेल्फ चेकआउटला माझ्या दोन वस्तू स्कॅन न होता पिशवीत गेल्या (खरंच चुकून, पण आता ते कोण ऐकतंय), पोलीस आले, एक रात्र आत काढली, मित्राने बाँड (जामीन) भरला, मग एक वकील केला, त्याने कसलातरी क्लास आणि कम्युनिटी सर्व्हिस करायला लावली आणि काही महिन्यांनी फोन करून सांगितलं की केस डिसमिस झाली, विसरून जा. मी खरंच विसरलो. कागद होते ते चार घरं बदलताना कुठे गेले देव जाणे.

आता न्यू जर्सीत राहतो, ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली, एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) भरायला घेतलाय आणि त्यात स्पष्ट विचारलंय की कधीही अटक झाली होती का. झाली होती असं लिहायचं तर सोबत कोर्टाचं सर्टिफाइड डिस्पोझिशन, म्हणजे केसचं शेवटी काय झालं त्याचा सहीशिक्क्याचा कागद, लावायचं. इथपर्यंत मला कळलंय.

आत्तापर्यंत केलेले उद्योग: १) एका पीपल सर्च साइटला २९ डॉलर दिले, त्यांनी माझे जुने सगळे पत्ते, माझ्या बायकोचं नाव आणि शेजाऱ्याचं वय सांगितलं, केस नाही सांगितली. २) पेसर म्हणून कोर्टाच्या केसेस शोधायची साइट आहे, तिथे अकाउंट काढून शोधलं, शून्य रिझल्ट. ३) काऊंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) कोर्टाला एफओआयएची, म्हणजे माहिती अधिकाराची, रिक्वेस्ट पाठवली, दीड महिना झाला, काही उत्तर नाही. ४) फोन केला तर बाई म्हणाल्या नो रेकॉर्ड अंडर दॅट नेम आणि ठेवला.

रेकॉर्डच नाही म्हणजे चांगलं की वाईट? टेक्सासला विमानाने जावं लागेल का? वकिलाचा जुना नंबर बंद आहे.

---

तिरकस

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तुम्ही तर चढून उतरलात आणि आता परत पायरी शोधताय. गंमत सोडा, पण एफबीआयकडून बॅकग्राउंड चेक काढा की सरळ, १८ डॉलर लागतात, बोटांचे ठसे द्यायचे, सगळ्या देशाचं एका ठिकाणी येतं. कोर्टाच्या नादी कशाला लागायचं.

---

कारकून_नाना

तिरकसभाऊ, अर्धं बरोबर आहे. एफबीआयचं ते आयडेंटिटी हिस्टरी समरी जरूर काढावं, कारण बायोमेट्रिक्सला ठसे घेतले की इमिग्रेशनवाल्यांना साधारण तेच दिसणार आहे, आपल्यालाही आधी दिसलेलं बरं. पण त्यात बऱ्याचदा अटकेची नोंद असते आणि पुढे काय झालं ती जागा रिकामी असते, कारण ठसे पोलिसांनी पाठवलेले असतात आणि निकाल राज्यामार्फत वर कळवायचा राहून गेलेला असतो. अधिकाऱ्याला नेमकी ती रिकामी जागा भरून हवी असते, आणि ती भरणारा कागद फक्त त्या कोर्टाचा क्लार्क देऊ शकतो.

आता निशाचर, तुमच्या एकेका उद्योगाबद्दल. (मी एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस आहे, वकील नाही, टेक्सासचीही नाही, पण दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या काऊंटीतून कागद मागवायचं काम माझ्याच गळ्यात असतं. आणि हो, आयडी नाना असला तरी मी बाई आहे, ते आमच्या आजोबांचं नाव.)

पेसर फक्त फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टांचं आहे. दुकानातली चोरी, डीडब्ल्यूआय (दारू पिऊन गाडी चालवणं), मारामारी, असल्या केसेस राज्याच्या कायद्याखाली काऊंटीत चालतात, त्या तिथे कधीच येणार नाहीत. शून्य रिझल्ट आला त्यात घाबरण्यासारखं काही नाही आणि खूश होण्यासारखंही काही नाही.

एफओआयए हा कायदा फेडरल सरकारच्या खात्यांसाठी आहे, कोर्टांना तो लागूच नाही. आणि टेक्सासचा स्वतःचा पब्लिक इन्फर्मेशन ॲक्ट आहे त्यातूनही न्यायालयं वगळलेली आहेत. कोर्टाची फाइल बघायचा आणि कॉपी मागायचा हक्क वेगळ्या वाटेने येतो, तो जुना कॉमन लॉचा हक्क आहे, १९७८ साली सुप्रीम कोर्टानेही तो मान्य केलाय. सांगायचा मुद्दा एवढाच की एफओआयए शब्द लिहिलेलं पत्र क्लार्कच्या टेबलावर गेलं की त्याचं काय करायचं हे त्यांनाच कळत नाही. साधी कॉपी रिक्वेस्ट पाठवायची, बहुतेक क्लार्कच्या साइटवर एक पानी फॉर्म असतो.

पीपल सर्च साइट्सबद्दल काय बोलू. हे लोक इकडून तिकडून डेटा विकत घेतात, कधीचा असतो पत्ता नाही. देशात तीन हजारांच्या वर काऊंट्या आहेत आणि सगळ्यांचं मिळून लोकांना खुलं असं एकच फौजदारी रेकॉर्ड कुठेच नाही, कोणी नॅशनवाइड म्हणून विकत असेल तर समजून जा.

राहिला चौथा, फोन. तुम्ही नक्की कुठल्या क्लार्कला फोन केलात? डिस्ट्रिक्ट क्लार्क की काऊंटी क्लार्क? आणि नाव काय सांगितलंत, म्हणजे नाव इथे लिहू नका, पण कसं सांगितलंत, फर्स्ट लास्ट?

---

निशाचर७

धन्यवाद नाना, म्हणजे ताई. क्लार्क दोन असतात हेच मला माहिती नव्हतं, गूगलवर पहिला आला त्याला केला, बहुधा डिस्ट्रिक्ट. नाव फर्स्ट नेम आणि आडनाव.

---

ह्यूस्टनची_काकू

अरे बाळा, तिथेच घोटाळा झाला. मी २२ वर्षं टेक्सासात आहे, दोनदा ज्युरी ड्यूटी केली आणि एकदा भाच्यासाठी हीच धावपळ केली (काय प्रकरण ते विचारू नकोस), म्हणून सांगते.

टेक्सासात फेलनी म्हणजे मोठा गुन्हा, तो डिस्ट्रिक्ट कोर्टात. क्लास ए आणि क्लास बी मिसडिमीनर, म्हणजे त्याहून छोटे गुन्हे, काऊंटी कोर्टात, ज्याला काऊंटी कोर्ट ॲट लॉ म्हणतात. क्लास सी, म्हणजे फक्त दंडाचा गुन्हा, तो जस्टिस ऑफ द पीस म्हणजे सगळ्यात खालच्या जजकडे नाहीतर म्युनिसिपल कोर्टात, आणि म्युनिसिपलचं रेकॉर्ड शहराकडे असतं, काऊंटीत शोधून सापडणारच नाही. तुझ्या वेळी ५० डॉलरच्या खालचा माल असेल तर क्लास सी आणि ५० ते ५०० च्या आतला असेल तर क्लास बी. तो आकडा २०१५ च्या सप्टेंबरपासून १०० आणि ७५० झाला, म्हणून आताचा तक्ता बघून अंदाज बांधू नकोस. तुला आत टाकलं, बाँड घेतला, म्हणजे बहुतेक क्लास बी. म्हणजे काऊंटी क्लार्क.

पण थांब, आमच्या हॅरिस काऊंटीत क्लास ए, बी चे कागदही डिस्ट्रिक्ट क्लार्ककडेच असतात, आणि अगदी छोट्या काऊंट्यांत दोन्ही क्लार्क म्हणजे एकच माणूस. २५४ काऊंट्या, २५४ तऱ्हा. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच, क्लास बी मिसडिमीनरच्या बंद झालेल्या फाइली कोण सांभाळतं? त्यांच्याकडे नसतील तर कुठे विचारू हे सांगतात, बायका चांगल्या असतात, घाई नाही दाखवायची. आणि केस नंबरला तिकडे कॉज नंबर म्हणतात, तो शब्द वापरलास की निम्मं काम होतं.

---

कारकून_नाना

काकू, अगदी मनातलं बोललात. आता नावाकडे येते, कारण माझ्या अनुभवात आपल्या लोकांचं रेकॉर्ड न सापडायचं सगळ्यात मोठं कारण ते आहे.

आपलं नाव तीन मजली. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, सरनेम वेगळं. अटकेच्या रात्री बुकिंग करणारा माणूस लायसन्स नाहीतर पासपोर्ट बघून टाइप करतो आणि त्याच्या डोक्यात फर्स्ट, मिडल, लास्ट एवढंच असतं. मग वडिलांचं नाव लास्ट नेम होतं, आडनाव गळून पडतं, कधी स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव जोडून एक लांबलचक शब्द होतो, कधी डब्ल्यूचा व्ही होतो. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे त्यांना तर एफएनयू करून टाकतात, फर्स्ट नेम अननोन, आणि ते एफएनयू जन्मभर पाठ सोडत नाही. जो शब्द बुकिंगला पडला तोच पुढे फिर्यादीच्या कागदावर आणि तोच कोर्टाच्या इंडेक्सला.

म्हणून शोधताना एवढे प्रकार करून बघा: आडनाव लास्ट, वडिलांचं नाव लास्ट, स्वतःचं नाव लास्ट (हो, उलटंही होतं), आणि स्पेलिंगचे चारपाच अवतार. बऱ्याच काऊंट्यांचं ऑनलाइन सर्च टायलर टेक्नॉलॉजीजच्या ओडिसी नावाच्या सिस्टिमवर चालतं म्हणून सगळीकडची पानं जुळ्या भावांसारखी दिसतात, त्यात जुन्या पानावर साउंडेक्स म्हणून एक चौकोन असतो, त्यावर टिक केलं की उच्चाराने जवळची नावंही येतात, आणि नावाची सुरुवातीची अक्षरं लिहून पुढे तारा टाकला तरी चालतं. नाव सापडलं की जन्मतारीख जुळते का बघा, कारण पटेल, शाह, सिंग असलं नाव असेल तर रांग लागते.

आणि ऑनलाइन नाही दिसलं म्हणजे नाहीच असं धरू नका. सिस्टिम बदलताना जुन्या केसेस सगळ्या चढवलेल्या नसतात. लेखी सर्च मागा, क्लार्क इंडेक्समध्ये बघून सांगतो.

---

अटलांटिककाठी

थोडं विषयांतर, पण शीर्षक बघून इतर राज्यातले लोकही इथे येतील म्हणून लिहितो, माझ्या वाट्याला दोन राज्यं आली होती.

न्यूयॉर्कमध्ये कोर्ट ॲडमिनिस्ट्रेशनकडून अख्ख्या राज्याचं क्रिमिनल हिस्टरी सर्च मिळतं, ९५ डॉलर. वेबक्रिम्स ही तिथल्या कोर्टांची साइट फुकट आहे पण त्यात फक्त पुढची तारीख लागलेल्या चालू केसेस, संपलेली केस तिथे शोधत बसू नका, मी दोन रात्री बसलो होतो. तिकडे आपल्याला हव्या त्या कागदाचं नाव सर्टिफिकेट ऑफ डिस्पोझिशन. आणि सुप्रीम कोर्ट म्हटलं की दचकू नका, न्यूयॉर्कात सुप्रीम कोर्ट हे खालचं ट्रायल कोर्ट आहे, सगळ्यात वरच्याला कोर्ट ऑफ अपील्स म्हणतात. कोणाच्या डोक्यातून आलं असेल हे.

कॅलिफोर्निया त्याच्या उलट. ५८ काऊंट्या, प्रत्येकीचं एक सुपीरियर कोर्ट, आणि फौजदारी फाइलची पानं घरबसल्या उघडूच देत नाहीत, नियमच तसा आहे, कोर्टात जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर बघा. वर २०२१ मध्ये रिव्हरसाइडच्या केसमध्ये निकाल लागला की लोकांना जन्मतारीख किंवा लायसन्स नंबर टाकून इंडेक्स शोधू द्यायचा नाही. तेव्हापासून एकसारख्या नावाच्या माणसांत आपला माणूस ओळखणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. क्लार्कला शोधायला दहा मिनिटांच्या वर लागली तर १५ डॉलर, पानाला ५० सेंट, सर्टिफिकेशनचे ४०.

पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, विस्कॉन्सिनवाले मात्र सुखी, राज्याच्या एकाच साइटवर डॉकेट (केसमध्ये काय काय झालं त्याची यादी) फुकट दिसतं. निदान केस नंबर तरी मिळतो, कागद मात्र काऊंटीतूनच.

---

सानिकाची_आई

मग मी आमच्या बेसमेंटच्या भाडेकरूचं असं काऊंटीच्या साइटवर शोधू शकते का? की त्याला विचारावं लागतं?

---

कारकून_नाना

स्वतः जाऊन खुलं रेकॉर्ड बघायला परवानगी लागत नाही. पण पैसे देऊन एजन्सीकडून रिपोर्ट मागवलात की फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट लागतो, त्या रिपोर्टवरून नकार दिलात तर कुठल्या एजन्सीच्या रिपोर्टवरून दिला ते त्याला कळवावं लागतं, म्हणजे चूक असेल तर तो तक्रार करू शकतो. आणि कृपा करून अटक आणि शिक्षा यातला फरक बघा. डॉकेटवर चार्जच्या रकान्यात काय वाट्टेल ते दिसतं, वाचायचं असतं ते डिस्पोझिशन. काही राज्यांत आणि शहरांत भाडेकरूच्या रेकॉर्डबद्दल वेगळे नियम आहेत. वेगळा धागा काढाल का, इथे निशाचरांचं चाललंय.

---

निशाचर७

मंडळी!!! सापडलं!!! काऊंटी क्लार्कच्या साइटवर वडिलांचं नाव लास्ट नेम म्हणून टाकलं आणि बाबा थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे दिसले. हसावं की रडावं कळेना. क्लास बी थेफ्ट, जन्मतारीख माझीच, कॉज नंबर आहे, स्टेटस डिसमिस्ड. पानावर बाकी काही उघडत नाही.

आता कागद कसे मागवू? आणि एक, आमच्या ओळखीचा एकजण म्हणतो आधी एक्सपंक्शन करून घे, रेकॉर्डच पुसून टाक, मग फॉर्मवर नाही लिही.

---

कारकून_नाना

नाही नाही नाही. त्या ओळखीच्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

एक्सपंक्शनची ऑर्डर झाली की कोर्ट आणि पोलीस आपापले कागद नष्ट करतात किंवा परत देतात. ठसे मात्र इमिग्रेशनकडे येतातच, आणि एन-४०० मध्ये पुसलेल्या, सील केलेल्या केसेसही सांगायच्याच असतात. म्हणजे प्रश्न तसाच उभा आणि डिसमिस झाली हे दाखवणारा कागद जगात कुठेच नाही, अशी अवस्था. माझ्याकडे असे दोन लोक आले होते, हाल बघवत नव्हते. आधी सर्टिफाइड कॉप्या, तीनचार संच, मग हवं तर पुसा. आणि अटक झाली असताना नाही लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, मूळ दोन वस्तूंपेक्षा कितीतरी महाग पडेल.

दुसरं याहून महत्त्वाचं. डिसमिस्ड या एका शब्दावर जाऊ नका. टेक्सासात दोन वाटांनी केस डिसमिस होते. एक, प्रीट्रायल डायव्हर्जन: तुम्ही सरकारी वकिलाशी करार करता, क्लास वगैरे करता, ते केस मागे घेतात, कोर्टात गुन्हा कबूल करायची वेळच येत नाही. दोन, डिफर्ड ॲडज्युडिकेशन: जजसमोर गिल्टी किंवा नो कॉन्टेस्ट (आरोपाला आव्हान देत नाही) म्हणता, जज निकाल लांबणीवर टाकून प्रोबेशनवर ठेवतो, नीट वागलात की डिसमिस. टेक्सासच्या कायद्याने दुसऱ्यातही शिक्षा नाही, पण १९९६ पासून इमिग्रेशन कायद्याची कन्व्हिक्शनची व्याख्याच वेगळी आहे, कबुली अधिक जजने घातलेलं कुठलंही बंधन झालं की ते कन्व्हिक्शन धरतात. चोरी हा त्यांच्या लेखी नैतिक अधःपतनाचा गुन्हा, आणि इथून ग्रीन कार्डवरही येऊ शकतं. त्यामुळे कागद हातात आले की फॉर्म टाकायच्या आधी, पुन्हा लिहिते, आधी, इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. ही वेळ पैसे वाचवायची नाही.

आता पत्र. फार लिहू नका. कॉज नंबर, कागदावर जसं पडलंय तसं नाव आणि शेजारी तुमचं खरं नाव, जन्मतारीख, आणि सर्टिफाइड कॉपी या शब्दांखाली रेघ. नुसती कॉपी मागितली की झेरॉक्स येते, शिक्का नाही, सही नाही, आणि परत पहिल्यापासून. काय काय हवं ते नावानिशी लिहा: कम्प्लेंट आणि इन्फर्मेशन (तिथे मिसडिमीनरच्या चार्जशीटला इन्फर्मेशन म्हणतात), डॉकेट शीट, मोशन टू डिसमिस (केस काढून टाकायचा अर्ज) आणि त्यावरची ऑर्डर, आणि प्ली (गुन्हा कबूल आहे की नाही हे कोर्टाला सांगणं) किंवा डायव्हर्जनचे काही कागद फाइलमध्ये असतील तर तेही. टेक्सासात पानाला एक डॉलर आणि सर्टिफिकेटला पाच असं साधारण असतं, पण आधी फोन करून पानं किती होतात ते विचारा आणि तेवढ्याची मनी ऑर्डर लावा, पर्सनल चेक बऱ्याच ठिकाणी परत येतो. सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं मोठं पाकीट. विमानाचं तिकीट नको.

डायव्हर्जनचा करार कधीकधी कोर्टाच्या फाइलमध्ये नसतोच, तो सरकारी वकिलाच्या ऑफिसात असतो. नाही आला तर तिकडे वेगळं पत्र. अटकेचा रिपोर्ट पोलिसांकडून वेगळा. हे तिन्ही वेगवेगळे लोक आहेत आणि एकमेकांना काही सांगत नाहीत.

---

तिरकस

मी एकदा स्पीडिंगचं तिकीट भरलं होतं १८० डॉलरचं, आता मलाही घाम फुटला.

---

कारकून_नाना

ते फॉर्मवर सांगायचं, पण दारू, ड्रग्ज, गंभीर दुखापत नसेल, अटक झाली नसेल आणि दंड ५०० च्या आत असेल तर कागद जोडायला मागत नाहीत, फॉर्मच्या सूचनांतच लिहिलंय. पाणी प्या.

---

निशाचर७

साडेतीन आठवड्यांनी अपडेट, गायब झालो नाही.

काकू म्हणाल्या तसं कॉज नंबर म्हटलं आणि खरंच फोनवरचा सूर बदलला. ११ पानं, दोन संच, मनी ऑर्डर पाठवली, परवा पाकीट आलं. शिक्का जाडजूड उठावाचा आहे, बोट फिरवलं तर लागतो. मोशन टू डिसमिसवर कारणाच्या जागी लिहिलंय की आरोपीने प्रीट्रायल डायव्हर्जन पूर्ण केलं, आणि प्लीचा एकही कागद फाइलमध्ये नाही. त्या बाईंनी वर पिवळी चिठ्ठी लावून लिहिलंय की फाइल पूर्ण आहे, यापेक्षा जास्त काही नाही. डायव्हर्जनच्या करारासाठी सरकारी वकिलाच्या ऑफिसला वेगळं पत्र टाकलंय. गुरुवारी इमिग्रेशन वकिलाची अपॉइंटमेंट आहे.

नावाचं काय करू मात्र? सगळ्या ११ पानांवर आरोपी म्हणून माझं पहिलं नाव आणि बाबांचं नाव आहे, माझं आडनाव कुठेच नाही. अधिकारी म्हणेल हा कोण?

---

कारकून_नाना

म्हणू द्या, त्यासाठी जन्मतारीख आणि त्या वेळचा पासपोर्ट आहे. जुना पासपोर्ट फेकला नाहीत ना? त्याचं फोटोचं पान सोबत लावा. आणि एन-४०० मध्ये आजवर वापरलेली इतर नावं असा रकाना आहे, तिथे कोर्टाच्या कागदावरचं नाव जसंच्या तसं लिहायचं का ते गुरुवारी वकिलाला विचारा, आमच्याकडे लिहितात.

---

निशाचर७

जुना पासपोर्ट आहे, कोपरा कापलेला. बाबांना अजून सांगितलं नाहीये की त्यांच्या नावावर टेक्सासात केस आहे.

---

ह्यूस्टनची_काकू

सांगूही नकोस. सुखाने जेवू दे त्यांना. गुरुवारी काय झालं ते कळव.